सिंक लावला तरी बीट सुटतात, कानाने लावले तर स्पीकरमध्ये भलतंच ऐकू येतं

टेबलामागचा (पुणे)

नमस्कार मंडळी. घरच्या घरी हाउस आणि टेक्नो मिक्स करायला शिकतोय. सॉफ्टवेअर म्हणजे ते तीन एक्सवालं फुकटातलं मिक्स, लॅपटॉप विंडोजचा आणि मित्राने काढून टाकलेला जुना दोन डेकचा कंट्रोलर. त्याला स्वतःचं साउंडकार्ड नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या जॅकमधून स्पीकर आणि क्यू (पुढचं गाणं आधी कानात) ऐकायला ब्लूटूथ हेडफोन.

सिंक (वेग आपोआप जुळवायचं बटण) दाबला की दोन्ही डेकवर 126.00 बीपीएम (मिनिटाला बीट) दिसतं, वेव्हफॉर्मवरच्या रेघाही समोरासमोर येतात. पण काही गाण्यांत मिनिटभराने किक (मोठ्या ड्रमचा ठोका) दुहेरी ऐकू यायला लागते, घोडा दौडत गेल्यासारखी. सगळ्या गाण्यांत नाही, ठरावीक गाण्यांतच.

वैतागून सिंक बंद केला आणि कानाने लावायला लागलो. एक कान हेडफोनला, एक स्पीकरकडे. अगदी चपखल बसलं असं वाटतं, फेडर (आवाजाची पट्टी) वर करतो आणि नवीन किक जुन्या किकच्या आधीच वाजून जाते. थोडीथोडकी नाही, जवळजवळ अर्ध्या बीटने. चुलतभावाच्या साखरपुड्यात वाजवायला सांगितलंय. तो म्हणतो तुझे कान खराब आहेत. कान बघू की लॅपटॉप?

खटका

ब्लूटूथ काढा. बाकीचं नंतर बोलू.

धडाडधूम

लेटन्सी (आवाजाचा उशीर) कमी करा राव. सेटिंगमध्ये ऑडिओ बफर सगळ्यात खाली आणा, बीट आपोआप जुळतील. माझा हाच प्रॉब्लेम होता.

ठेकेदार

खटका यांचं बरोबर आहे, पण नुसतं काढा म्हटलं तर धागाकर्त्याला कारण कळणार नाही. दोन वेगळे आजार एकत्र झालेत, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाहीये.

बीट सुटले असं आपण सरसकट म्हणतो, पण सुटण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. फेडर वर केल्या क्षणी फरक दिसला आणि नंतर कितीही वेळ तो तेवढाच राहिला, तर वेग बरोबर आहे, जागा चुकली आहे. सुरुवातीला चिकटलेलं आणि मग हळूहळू उसवत गेलं, तर वेगातच चूक आहे, स्क्रीनवर आकडा काहीही दिसो. आणि छान चाललेलं असताना एका ठिकाणी एकदम उडी मारली, तर गाण्यातच काहीतरी आहे किंवा लॅपटॉपला दम लागला आहे. तुम्हाला यातल्या पहिल्या दोन तऱ्हा एकाच वेळी भेटल्या आहेत.

आधी जागेची चूक. 126 च्या वेगाला एक बीट साधारण 476 मिलिसेकंदांचा असतो. ब्लूटूथ हेडफोन आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा देतात, काही त्याहून जास्त. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण चित्रही तेवढंच मागे ठेवलेलं असतं. इथे मात्र चालू गाणं स्पीकरमधून वेळेवर येतंय आणि नवीन गाणं हेडफोनमधून उशिरा. तुमचा कान ते बरोबर ओळखतो आणि तुम्ही नवीन गाणं पुढे ढकलून जुळवता. फेडर वर केला की तेच गाणं स्पीकरमधून वाजतं, उशीर संपतो आणि जेवढं ढकललं होतं तेवढं ते आधी वाजतं. म्हणजे कान ठणठणीत आहेत, भावाला सांगा.

आता वेगाची चूक. 126.00 हा आकडा म्हणजे गाणं तपासून सॉफ्टवेअरने काढलेला अंदाज असतो. त्या अंदाजावर ते रेघांचं ग्रिड आखतं. सिंक गाणं ऐकत नाही, ग्रिड वाचतो. दोन ग्रिड तंतोतंत जुळवायचं काम तो चोख करतो, पण त्यातलं एक ग्रिड गाण्याशीच जुळलेलं नसेल तर बिचारा काय करणार? गाणं खरं 126.05 चं आणि ग्रिड 126.00 चं असेल, तर दोन मिनिटांत जवळजवळ 48 मिलिसेकंदांचा फरक पडतो. तेवढ्यात दोन किक स्पष्ट वेगळ्या ऐकू येतात. नुसता 0.01 चा फरक असला तरी सहा मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी तो 29 च्या आसपास जातो, आणि आपण मिक्स करतो ते नेमकं गाण्याच्या शेवटीच.

ग्रिड तपासायला सुरुवात बघू नका, सुरुवातीला ते बहुतेकांचं बरोबर असतं. गाण्याच्या शेवटच्या मिनिटात जा, वेव्हफॉर्म मोठा करा आणि रेघ किकच्या उभ्या चढावर आहे का ते बघा. रेघ पुढे किंवा मागे पडलेली दिसली तर गुन्हेगार सापडला.

त्याआधी एक चाचणी करा. एकच फाइल दोन्ही डेकवर टाका, दोन्हीचे पिच (वेग बदलायची पट्टी) शून्यावर ठेवा, सिंक लावा आणि दोन्ही स्पीकरमधूनच वाजू द्या, हेडफोन नको. विमान डोक्यावरून गेल्यासारखा पोकळ आवाज आला आणि गाणं संपेपर्यंत तसाच राहिला, तर तुमची यंत्रणा निर्दोष आहे आणि दोष ग्रिडचा आहे. तो आवाज फिरत गेला किंवा किक फुटायला लागली, तर मात्र ग्रिडचा संबंध नाही, आपण साउंड सेटिंगकडे वळू.

धडाडधूम, लेटन्सीबद्दल असहमत. दोन्ही डेक एकाच बफरमधून जातात, त्यामुळे बफर मोठा असला तरी दोघांना सारखाच उशीर होतो, एकमेकांत फरक पडत नाही. 44,100 च्या सॅम्पल रेटला 1024 सॅम्पलचा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद. जॉगला (डेकवरच्या चाकाला) हात लावल्यावर गाणं जरा सुस्त वाटेल, एवढंच. उलट जुन्या लॅपटॉपवर बफर तळाला नेलात तर आवाज तुटायला लागेल आणि धागाकर्त्याला ती उडीवाली तिसरी तऱ्हाही भेटेल.

धडाडधूम

मग माझं कसं सुटलं?

ठेकेदार

त्याच दिवशी ड्रायव्हर बदलला होता का? विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवरून असिओवर गेलात की अडखळणं बरंच कमी होतं, आणि श्रेय बफरला मिळतं.

धडाडधूम

हो, असिओ टाकला होता. बरं.

जुना_कॅसेटवाला

कुणाला राग येईल, पण बोलतो. सिंक, ग्रिड, वेव्हफॉर्म हे सगळं बघत बसलात तर डीजे कसले? बीट लावणं हे हाताचं काम आहे. न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो एकावर एक गाणं बसवायचा तेव्हा कुठलं ग्रिड होतं? टेक्निक्सची 1200 मार्क टू तबकडी 1979 ची. पिचची पट्टी वर-खाली आठ टक्के, त्यावर बीपीएमचा आकडा नाही, ग्रिडची रेघ नाही. कान आणि बोट. ही स्क्रीन झाकून ठेवा महिनाभर, सगळे प्रश्न मिटतील.

खटका

काका, ब्लूटूथ लावून स्क्रीन झाकली तर प्रश्न मिटणार नाहीत, वाढतील.

सम_चुकली (तबला, सध्या टेक्नो)

ही ही. खटका :)

कॅसेटवाल्या काकांशी अर्धी सहमत आहे. सिंक वापरावा, पण सिंक चुकला हे कळायला कान हवाच. आणि इथे एक मुद्दा राहून गेलाय. लय जुळणं वेगळं आणि सम जुळणं वेगळं. ग्रिडचा प्रत्येक बीट किकवर नेमका बसलेला असतो, तरी सॉफ्टवेअरने पहिला बीट म्हणून खूण केलेली असते ती प्रत्यक्षात दुसऱ्या किंवा चौथ्या मात्रेवर. मग सिंक दोन्ही गाण्यांच्या किक छान एकावर एक ठेवतो, पण एका गाण्याची टाळी दोन आणि चारवर आणि दुसऱ्याची एक आणि तीनवर पडते. प्रत्येक मात्रेवर टाळी! ऐकणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण पाय अडखळतात.

किक ऐकू नका, टाळी ऐका. हाउसमध्ये क्लॅप किंवा स्नेअर दोन-चारवर असते, तिच्यावरून एक लगेच सापडतो. नाहीतर जिथून नवीन वाद्य सुरू होतं ती जागा बघा. ही गाणी आठ, सोळा, बत्तीस बारच्या (एक बार म्हणजे चार बीट) टप्प्यांनी बांधलेली असतात, नवीन गोष्ट बहुतेक टप्प्याच्या सुरुवातीलाच येते. तिथे ग्रिडची ठळक रेघ नसेल तर ग्रिड एक-दोन बीट सरकवा.

टेबलामागचा (पुणे)

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

चाचणी केली. एकच फाइल दोन्ही डेकवर, शेवटपर्यंत तसाच पोकळ सूं आवाज, जरासुद्धा हलला नाही. म्हणजे यंत्रणा ठीक. मग ज्या गाण्यांत त्रास होतो त्यांची शेवटची मिनिटं उघडून बघितली. दोन टेक्नो ट्रॅकमध्ये रेघ किकच्या मागे पडलेली आहे. आणि एक जुनं डिस्को आहे 1978 चं, त्यात तर रेघ सुरुवातीला पुढे, मध्ये बरोबर आणि शेवटी मागे! हे काय प्रकरण?

ब्लूटूथ काढलं, पण आता अडचण अशी की लॅपटॉपला जॅक एकच. त्याला स्पीकर लावू की हेडफोन?

खटका

चार आउटपुटचं यूएसबी साउंडकार्ड घ्या. दोन स्पीकरला, दोन हेडफोनला. एकाच कार्डातून दोन्ही गेलं की घड्याळ एक, उशीर एक.

एक स्वस्त यूएसबी कार्ड हेडफोनला आणि लॅपटॉपचा जॅक स्पीकरला, असा जुगाड लोक करतात, तो टाळलेला बरा. दोन कार्डांची दोन घड्याळं, दोघांचे उशीर वेगळे. सॉफ्टवेअर सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतं, पण कशाला?

टेबलामागचा (पुणे)

साखरपुडा तोंडावर आलाय, खिशात तेवढे पैसे नाहीत. काही घरगुती उपाय?

ठेकेदार

आहे. डीजे स्प्लिटर केबल. लॅपटॉपच्या जॅकमध्ये स्टिरिओचे दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. ही केबल ते वेगळे करते, डावा एका पिनेला, उजवा दुसऱ्या पिनेला. डाव्यातून क्यू, उजव्यातून मुख्य आवाज. दोन्ही मोनो होतात, पण साखरपुड्याच्या हॉलमध्ये स्टिरिओ ऐकायला कोण बसलंय.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेडफोनच्या भागात स्प्लिट नावाचं बटण आहे. साउंड हार्डवेअरमध्ये हेडफोनचं आउटपुट म्हणून लॅपटॉपचा जॅक द्या आणि स्प्लिट चालू करा. डाव्या बाजूला क्यू येतो, उजव्या बाजूला मुख्य मिक्स. व्हर्च्युअल डीजेमध्येही अशी सोय आहे.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळेल, पण मागताना नीट सांगा. नुसतं स्प्लिटर म्हटलं तर दुकानदार दोघांनी मिळून गाणी ऐकायची वाय केबल हातात ठेवतो. ती दिसायला तशीच असते, पण दोन्हीकडे पूर्ण स्टिरिओ देते. मग क्यूही स्पीकरमधून वाजतो आणि पाहुण्यांना तुमची तयारी ऐकावी लागते. दुकानातच तपासा: मोबाइलला केबल लावा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाचा तोल पूर्ण डावीकडे सरकवा. एका टोकाला आवाज आणि दुसऱ्या टोकाला शुकशुकाट असेल तरच घ्या.

आता ती रेघ. टेक्नो ट्रॅकमध्ये ती सारख्या प्रमाणात मागे पडत गेलेली असणार, म्हणजे नुसता बीपीएम चुकलाय. ही गाणी कंप्युटरवर किंवा ड्रममशीनवर बनतात, वेग शेवटपर्यंत एकच असतो. पहिल्या स्वच्छ किकवर ग्रिड बसवा, शेवटच्या किकपर्यंत जा आणि रेघ तिथेही बसेपर्यंत बीपीएम कणाकणाने वाढवा-घटवा. बहुतेक वेळा तो 126, 127 अशा पूर्ण आकड्यावर येऊन थांबतो. 125.97 वगैरे दिसलं की मला आधी संशय येतो, कारण बनवणाऱ्याने असा वेग क्वचितच ठेवलेला असतो. बसला की बीपीएमला कुलूप लावा, नाहीतर पुन्हा ॲनालिसिस केलं की सगळी मेहनत पाण्यात.

1978 चं डिस्को ही निराळी गोष्ट. ते ड्रमरने वाजवलंय, माणसाने. कडव्यात जरा रेंगाळतो, ध्रुवपदाला जोर येतो. सॉफ्टवेअरला वेग एकच आहे असं गृहीत धरायला सांगितलेलं असतं, मग ते सगळ्याची सरासरी काढून एक सरळ ग्रिड ठोकतं. ती सरासरी मध्ये बरोबर असते आणि दोन्ही टोकांना चुकते. ड्रममशीन आणि 1983 चं मिडी (यंत्रवाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत) रुळल्यावरच्या नाचाच्या गाण्यांत हा त्रास झपाट्याने कमी होतो. त्याआधीच्या गाण्यांत तो धरूनच चालावं.

तुमच्याकडे बीट डिटेक्शनच्या सेटिंगमध्ये स्थिर वेग गृहीत धरा अशी खूण आहे. त्या एका गाण्यापुरती ती काढा, पुन्हा ॲनालिसिस करा, मग खूण परत लावा. दुसऱ्या सॉफ्टवेअरांपैकी रेकॉर्डबॉक्समध्ये डायनॅमिक ॲनालिसिस आहे, सेराटोत जागोजागी ग्रिडच्या खुणा मारता येतात. पण वेग बदलणारं गाणं सिंकमध्ये लीडर (ज्याच्या वेगाने दुसरं चालतं ते) असेल तर दुसरं गाणं त्याच्या मागे डुलत जातं आणि टेक्नोची किक दारू प्यायल्यासारखी वाटते. त्यामुळे लीडर कुठला डेक आहे ते बघा.

मी स्वतः एवढ्या खटपटीत पडत नाही. जुन्या गाण्यातून बाहेर पडायचं असेल तर शेवटाकडचे चार बार गाठून लूप लावतो. लूप लागला की तेच चार बार तेवढ्याच लांबीत फिरत राहतात, ड्रमर कितीही लहरी असो. नवीन गाणं त्या लूपवर निवांत बसवता येतं. फक्त लूपची सुरुवात आणि शेवट कानाने लावा, तिथे क्वांटाइझ बंद ठेवा, नाहीतर तो चुकलेल्या ग्रिडलाच जाऊन चिकटेल.

एडिसनकर

वाखू (वाचनखूण) साठवली. इथे न्यू जर्सीत आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात शेवटी तासभर नाच असतो, वाजवायला मीच. थोडं अवांतर होईल, पण कोळीगीतातून हाउसमध्ये जायचं म्हटलं की सगळंच कोसळतं. सॉफ्टवेअर कोळीगीताला 150 दाखवतं, टाळ्या वाजवून मोजलं तर 100 येतात. अर्धं नाही, दुप्पट नाही, मधलंच काहीतरी!

सम_चुकली (तबला, सध्या टेक्नो)

अवांतर कसलं, हा तर माझा लाडका विषय. बहुतेक कोळीगीतं सहा मात्रांच्या झुल्यावर असतात, दादऱ्यासारखी. हे सॉफ्टवेअर चारच्या हिशेबात विचार करतं. सहा मात्रांचे दोनाचे तीन गट करा किंवा तिनाचे दोन, दोन्ही बरोबरच वाटतात. तुम्ही टाळी तिनाच्या गटांवर देताय, सॉफ्टवेअर दोनाचे गट मोजतंय. म्हणून आकडा दीडपट. 100 ऐवजी 75 किंवा 133 दाखवणं हीही तसलीच गफलत, तिथे तीन आणि चारची अदलाबदल होते. धागाकर्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बीपीएमला दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, दीडपट असं करायची सोय उजव्या क्लिकवर आहे. तुमच्यात नसेल तर टॅप करून आकडा हाताने भरा.

आकडा बरोबर आला तरी तिनाचा झुला आणि चारची किक एकमेकांवर फार वेळ ठेवू नका. कोळीगीताचा शेवट झाला, टाळ्या पडल्या, त्यात थोडा एको सोडला आणि हाउसची किक एकदम सुरू केली, हेच बरं. तशीही 100 वरून 124 वर पिच ओढून जाता येत नाही, गाणाऱ्याचा आवाज चिरका होतो. की-लॉक लावलात तर सूर तिथेच राहतो, पण एवढं ताणलं की आवाज खरखरतो. की-लॉक नसताना साधारण सहा टक्क्यांनी सूर अर्धा स्वर वर चढतो, म्हणजे काळी एकचं पांढरी दोन.

एडिसनकर

दीडपटीचं कोडं सुटलं, धन्यवाद. टॅपच करतो.

मांडवीपार (गोवा)

सायट्रान्सवाल्यांच्या वतीने एक गोष्ट. हाउसमध्ये 15-20 मिलिसेकंदांची चूक हायहॅटच्या गर्दीत लपून जाते. आमच्याकडे 145 च्या वेगाला किक आणि तिच्यामागे बासचे तीन सोळावे भाग, एकेक भाग 103 मिलिसेकंदांचा. मिक्समध्ये दोन्ही गाण्यांचा बास चालू असेल आणि 20 मिलिसेकंद इकडेतिकडे झाले, तर एकाचा बास दुसऱ्याच्या किकवर चढतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून नवीन गाण्याचा लो (खालचा, बासचा आवाज) आधीपासून पूर्ण कापून ठेवायचा, वरचे आवाज आत आणायचे आणि टप्प्याच्या सुरुवातीला एका झटक्यात लोची अदलाबदल करायची. दोन बास एकत्र कधीच वाजू द्यायचे नाहीत. ही सवय हाउस, टेक्नोवाल्यांनीही लावून घ्यावी. पण चाचणी करताना मात्र दोन्ही लो उघडे ठेवा, नाहीतर चूक ऐकूच येणार नाही.

कॅसेटवाल्या काकांसाठी गंमत: नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरच्या पार्ट्या डॅट (डिजिटल कॅसेट) टेपवर चालायच्या. उन्हाने, धुळीने रेकॉर्डची वाट लागायची, म्हणून डॅट. आणि त्या मशीनवर वेग कमीजास्त करायची पट्टीच नसायची. तिथला गाजलेला डीजे गोवा गिल याच्यासकट सगळे बीट न जुळवताच वाजवायचे. एक ट्रॅक विरत गेला की त्याच्या शेपटावर दुसऱ्याची संथ सुरुवात. त्या ट्रॅकना लांबलचक, किक नसलेल्या सुरुवाती असतात त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा बीटमॅचिंग नाही म्हणजे डीजे नाही, हे आमच्या किनाऱ्यावर तरी खरं नव्हतं.

जुना_कॅसेटवाला

हे माहीत नव्हतं. पण त्यांनी सिंकही दाबला नाही, हे नोंदवून ठेवा :)

टेबलामागचा (पुणे)

केबल मिळाली. पहिल्या दुकानात खरंच ती दोघांनी ऐकायचीच पुढे केली होती, मोबाइलवर तोल सरकवून दाखवला तेव्हा त्यांनी आतून दुसरी काढली. स्प्लिट चालू केलं आणि कानाने लावलेलं गाणं फेडर वर केल्यावर जिथल्या तिथे! दोन्ही टेक्नो ट्रॅक 127 च्या पूर्ण आकड्यावर बसले, आधी 126.9 काहीतरी दाखवत होते.

एक शंका राहिली. सिंक बंद ठेवून पिचच्या पट्टीने वेग जुळवताना मला हवा तो आकडा मिळतच नाही. 125.9 येतो, अगदी केसभर हलवली की 126.1. मधलं 126 सापडत नाही. मग किक पळायला लागली की जॉगने मागे खेचतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. बोटं जाड आहेत का?

ठेकेदार

बोटांना आणि कानांना दोष देणं आता पुरे. जुन्या, स्वस्त कंट्रोलरची पिच पट्टी सात बिटांची असते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त 128 पायऱ्या. तुमची रेंज वर-खाली 8 टक्के असेल तर 16 टक्क्यांना 128 पायऱ्या, एक पायरी जवळजवळ 0.13 टक्के, 126 च्या वेगाला सुमारे 0.16 बीपीएम. तुम्हाला हवा तो आकडा दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला तर जगातला कुठलाही डीजे तो लावू शकणार नाही. चांगल्या कंट्रोलरची पट्टी 14 बिटांची असते, तिथे ही अडचण येत नाही.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पिचची रेंज 4 टक्क्यांवर आणा, पायरी निम्म्याने लहान होते. हाउस-टेक्नोत 122 ते 130 मध्ये फिरणाऱ्याला तेवढी बहुतेक वेळा पुरते. हे महागड्या यंत्रांनाही लागू आहे. क्लबातल्या सीडीजे-2000 प्लेअरला रेंज 6 टक्के असताना पायरी 0.02 टक्क्यांची, 10 किंवा 16 टक्क्यांवर 0.05 ची आणि वाइडवर (सगळ्यात मोठ्या रेंजवर) तर अर्ध्या टक्क्याची. लोक वाइडवर ठेवून बीट जुळत नाहीत म्हणून रडतात.

आणि जॉगने खेचता तेव्हा बाजूच्या कडेला हात लावा. विनाइल मोड चालू असताना वरच्या तबकडीला बोट लागलं की गाणं थांबतं, ढकललं जात नाही.

नांदेडचा_नाद

माझाही प्रश्न इथेच विचारतो. सगळं ग्रिड रेकॉर्डबॉक्सात नीट लावलं होतं, ते एका कन्व्हर्टरने ट्रॅक्टर नावाच्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये नेलं. काही एमपी3 मध्ये सगळे क्यू आणि ग्रिड एकसारखे थोडेसे सरकलेत. काहींत मात्र अचूक.

ठेकेदार

थोडेसे म्हणजे 26 मिलिसेकंद का? एमपी3 बनवताना फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा येते. ती वगळायची की मोजायची, यावर सॉफ्टवेअरांचं एकमत नाही, आणि ते फाइल कुठल्या एन्कोडरने बनवली त्यावरही ठरतं. 1152 सॅम्पलची एक फ्रेम, 44,100 ला ती 26 मिलिसेकंदांची होते. तुमचा फरक सगळीकडे तेवढाच आहे, म्हणजे ही जागेची चूक, वेगाची नाही. कन्व्हर्टरमध्ये ही दुरुस्ती असेल तर ती चालू करून पुन्हा न्या, नसेल तर त्या गाण्यांचं ग्रिड तेवढं सरकवा. वेव्ह किंवा एआयएफएफ फाइलींत हा घोळ होत नाही.

नांदेडचा_नाद

मोजलं. 26च. कमाल आहे.

खटका

टेबलामागचा, साखरपुडा हॉलमध्ये की लॉनवर? टेबल कुठे लावणार ते आधी विचारून घ्या. लॉनवाले डीजेला कोपऱ्यात बसवतात आणि स्पीकर स्टेजपाशी. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत 29 मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधलं गाणं त्या उशिरा आलेल्या आवाजाला जुळवलंत की झालं, पुन्हा ब्लूटूथसारखाच प्रकार, लहान प्रमाणात.

टेबलामागचा (पुणे)

लॉन आहे. आणि टेबल जेवणाच्या बाजूला, स्टेजपासून पार लांब. आता?

खटका

साउंडवाल्याकडून एक छोटा मॉनिटर मागा आणि टेबलाशेजारी तुमच्याकडे तोंड करून ठेवा. नाही म्हणाला तर डेकवरचं क्यूचं बटण चालू आणि बंद करण्यावर काम भागवा: तुमच्या डाव्या चॅनलवर क्यू येतोय, तर दोन्ही डेकचा क्यू एकदम चालू करा, दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळवा आणि लांबच्या स्पीकरकडे लक्षच देऊ नका. दोन्हींना उशीर सारखाच, मग फरक कुठून येणार.

सम_चुकली (तबला, सध्या टेक्नो)

आणि दोन्ही कान झाका. एक कान उघडा ठेवायची सवय लॉनवर घात करते.

टेबलामागचा (पुणे)

साउंडवाला मॉनिटर द्यायला तयार झालाय, पण म्हणतो वायर तुमची तुम्ही आणा. दहा मीटरची लागेल, पुन्हा बुधवार पेठ. डिस्को गाण्याला चार बारचा लूप लावून बघितला, पहिल्यांदा जोडावर टक असा आवाज यायचा. लूपचा शेवट किकच्या अगदी आधी ओढला तेव्हा गेला.